नकुशी, तीन टक्के

जालिंदरला तिसरी मुलगी झाली तेव्हा बारशाला त्याची बहीण सरूबाई वरवंडहून आली. नाव ठेवायचा मान आत्याचा. तो तिनं असा बजावला, की बाळाच्या कानात सांगायचं नाव अख्ख्या वडगाव रासाईला ऐकू गेलं. नकुशी! म्हणजे, देवा, आता बास, पुढच्या खेपेला मुलगा धाड. देवानं हा निरोप वाचला की नाही कोण जाणे, कारण दोन वर्षांनी चौथीही मुलगीच झाली. मग घरच्यांनी हात टेकले आणि तिचं नाव राजनंदिनी ठेवलं. आता काय बोलायचं सांगा! एकाच चुलीवरची भाकरी-आमटी खाणाऱ्या दोन बहिणी, धाकटी राजनंदिनी आणि तिच्या वरची नकुशी. इतका उघड पक्षपात तर ग्रामपंचायतसुद्धा करत नाही.

नकुशीनं या नावाचा सूड अभ्यासानं घेतला. शिरूरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि निमोण्याजवळच्या हौसराव आबांच्या सेलच्या कारखान्यात लॅबला लागली. पहिल्याच दिवशी गेटवर नाव विचारलं तेव्हा तिनं ठसक्यात सांगितलं, "एन. जे." नकुशी जालिंदरचं एन. जे. झालं की ते कसं एकदम कंपनीछाप वाटतं. सगळे तिला एन. जे. मॅडम म्हणायला लागले. फक्त झाडलोट करणाऱ्या जाईबाईची जीभ त्यावर वळेना, म्हणून तिनं सोयीनं 'इंजन म्याडम' करून टाकलं. नकुशीला तेही चाललं. नकुशीपेक्षा इंजन कधीही बरं.

आता हौसराव आबा कोण, तर निमोण्याचे बडे बागायतदार आणि सोसायटीचे माजी चेअरमन. निवडणुकीत पडल्यावर माणसं काशीला जातात. हौसराव सेलच्या धंद्यात पडले. सेल म्हणजे टॉर्चमध्ये, घड्याळात घालतात ते. त्याच्या पोटात जी काळीकुट्ट पावडर असते ती मँगनीजची. ती कारखान्यात हवेसारखी सगळीकडे असते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर कारखान्याचा पत्ता उमटायचा.

आबांच्या डोक्यात चार्ज होणारा सेल काढायचं खूळ शिरलं, त्यालाही कारण होतं. वरवंडला विक्रम नावाचा एक व्यापारी डोक्याला बांधायचे टॉर्च विकतो. शेतीची लाइट रात्रीची, उसाला पाणी द्यायला जावं तर बिबट्या आधीच येऊन बसलेला. त्यामुळे टॉर्चला मरण नाही. विक्रमला स्वस्त आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा सेल हवा होता. आबांनी नमुना दिला. तो चौदाव्या चार्जिंगला गपगार झाला.

"आबा, बिबट्या काय चौदा दिवसांनी सुट्टीवर जात न्हाई," विक्रम म्हणाला. "तीस येळा चार्ज झालेला सेल दावा, दिवाळीच्या पाडव्याला माल उचलतो. न्हाईतर मी दुसरीकडं बघतो."

आबांनी नकुशीला बोलावलं. सेल चौदाव्यालाच का मरतो, असं विचारलं. नकुशीनं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. मँगनीजचा कण वीज देताना फुगतो, चार्ज करताना परत बसतो. पण दर खेपेला पहिल्यासारखा बसत नाही. त्यातच शेजारचं जस्त विरघळून त्याच्यात घुसतं आणि ठाण मांडतं. मग चार्ज घ्यायला जागाच राहत नाही. मात्र मँगनीज कालवतानाच त्यात थोडं दुसरं रसायन घातलं तर हे सगळं बरंच लांबतं. तिनं बरंच वाचलं होतं, आणि तिचा जीव बेरियम सल्फेट नावाच्या पांढऱ्या पावडरीवर बसला होता. शंभरात तीन भाग.

"त्येनं वीज वाढती?" आबा.

"न्हाई. ती पावडर सोता वीज देत न्हाई."

"मंग त्येवढी मँगनीजची जागा फुकट जाणार. जे काम करीत न्हाई ते आत घालायचं?"

"ते दुसऱ्याला काम करू देतंय, आबा."

"आमच्या सोसायटीत असली लई हुती," आबा म्हणाले. "ती बी स्वतःला मार्गदर्शक म्हणायची."

सहा महिने पावडरीची मागणी आबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडून राहिली. शेवटी विक्रमच्या धसक्यानं पुण्याहून दोन किलोची पिशवी आली. त्याचबरोबर आबांनी अटही घातली. ही ट्रायल जमली तर लॅब राहील आणि नकुशी पर्मनंट. नाही जमली तर दिवाळीत लॅबमध्ये कामगारांना वाटायच्या मिठाईचे बॉक्स ठेवायचे, आणि मॅडमनी पॅकिंगला बसायचं. पॅकिंगला बसणं म्हणजे काय ते नकुशीला पक्कं माहीत होतं. डबे चिकटवायला बी.एस्सी. कशाला, असं घरी म्हणायला बाप मोकळा, आणि स्थळं घेऊन यायला सरूआत्या मोकळी. ती लॅब गेली असती तर तिचं सगळंच गेलं असतं. त्या दहा बाय बाराच्या खोलीत ती कुणाची तिसरी मुलगी नव्हती.

पिशवी हातात आली तेव्हा तिनं मार्करनं तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नकुशी'. ही घरची सवय. चार बहिणींच्या घरात ज्या वस्तूवर नाव नसेल ती वस्तू आपली नसते. लिहिल्यावर तिच्या लक्षात आलं की हे नाव कारखान्यात कुणी वाचायला नको. पण म्हटलं, कपाटातच तर ठेवायचीय, कोण बघतंय.

बघणारीनं बघितलं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा. मिक्सरला हार, वजनकाट्याला हळद-कुंकू, कॉम्प्युटरला सुद्धा झेंडूचं फूल. आणि ऑफिससमोर देवीच्या फोटोपुढं जाईबाईची रांगोळी. या बाईच्या चिमटीत कला होती, त्यात वाद नाही. त्या वर्षी तिनं कळस केला. देवीच्या पायाशी चक्क हौसराव आबांचा चेहरा काढला. चार हात लांब, चार हात रुंद. पांढराशुभ्र फेटा, कपाळावर कुंकवाचा टिळा, आणि मिशी व भिवया तर अस्सल कारखान्याच्या मँगनीजच्या. आबांनी स्वतःला बघितलं आणि बघतच राहिले. मिशी त्यांना खऱ्यापेक्षा जास्त पसंत पडली.

"हे कुणी पुसायचं न्हाई," त्यांनी हुकूम सोडला. भोवती विटा लावून घेतल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले. "आन् एक बघा, वर पंखा फुल चालू हाय, तरी फेट्याचा एक कण हालत न्हाई! हाय का न्हाई देवीची करणी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नकुशीनं पण डोलावली. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं तिची कीव करायची की तिला शिव्या घालायच्या ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रायल. मिक्सरवर गोकुळ. बोलायला कंजूस, कामाला वाघ. वीस किलो माल, म्हणजे सहाशे ग्रॅम पावडर. नकुशी पिशवीतून मापानं पावडर काट्यावर टाकायला लागली. पिशवी आली त्या दिवशी तिनं मोजून बघितलं होतं, तीन मापांत सहाशे भरायचे. आज तीन झाली, चार झाली, काटा अजून पाचशेच्या आतच रेंगाळतोय. पाचव्या मापाला कुठं सहाशे झाले.

"काटा गंडलाय," ती म्हणाली.

"परवाच पूजा केलीया त्येची," गोकुळ म्हणाला. "हळद गेली आसंल आत."

घाई होती. विक्रमचा फोन येऊन गेला होता. नकुशीनं पावडर मिक्सरात ओतली आणि देवाचं नाव घेतलं. शास्त्र शिकलेल्या माणसानं देवाचं नाव घेतलं की समजावं, काहीतरी तपासायचं राहिलंय.

सेल झाले. टेस्टिंगच्या मशीनवर लावले. दिवसाला तीन चार्जिंग, तीन वेळा रिकामे. नकुशी डबा तिथंच खायची. पहिल्या दिवशी बरं चाललं. दुसऱ्या दिवशी आकडे उतरायला लागले. तिसऱ्या दिवशी नवव्या चार्जिंगला सगळेच्या सगळे सेल आडवे झाले. काही न घालता चौदा, आणि सहा महिने डोकं खाऊन घातलेल्या औषधानं नऊ!

आबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला.

"चौदाचं नऊ केलंस. ह्याला काय म्हंत्यात सायन्समधी?"

नकुशीनं कागदावरचे आकडे पुन्हा एकदा मोजले. 

"सोमवारपासनं मिठाईचं बॉक्स येतील," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "खोली मोकळी करून दे, बाळा."

ती बाहेर आली आणि रांगोळीच्या विटांपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. रडू आलं. दाबायचा प्रयत्न केला, तर आणखी आलं. समोर आबांचा रांगोळीतला चेहरा फेट्यासकट तिच्याकडं बघत होता. तिला वाटलं, एक लाथ घालावी या मिशीवर आणि सरळ घरी जावं. तेवढ्यात दारातून वाऱ्याचा झोत आला. विटेवरच्या झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, कुंकवाचा टिळा कानापर्यंत फरफटला. फेटा जागचा हलला नाही.

नकुशीचं रडं तिथंच थांबलं.

रांगोळी उडते. आयुष्यभर अंगणात तिनं रांगोळ्या काढल्या होत्या. एक मोटरसायकल गेली तरी निम्मी शेजाऱ्याच्या दारात. ही का उडत नाही? ती खाली वाकली. फेट्याची चिमूटभर पावडर तळव्यावर घेतली. एवढीशी, आणि हाताला केवढी जड! जड, पांढरी, पिठासारखी बारीक. आणि काट्यावर तीनच्या जागी पाच मापं लागली होती. देवीची करणी कसली, बेरियमची करणी!

"जाईबाई!" तिनं अशी हाक मारली की पॅकिंगच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

जाईबाई बादली घेऊन आली. नकुशीनं तिला लॅबमध्ये नेलं, दार लावलं, पिशवी पुढ्यात आपटली.

"ह्यातली पावडर कुणी घेतली?"

"म्या," जाईबाई म्हणाली. एवढं सरळ, की नकुशीच अडखळली. "वरवंडच्या बाजारातनं रांगोळी आणली हुती, ती ओल लागून गड्डं झालं. चिमटीतनं सुटंना. तुमची बघितली, कशी सुरसुर सुटतीया! घेतली. पर चोरी न्हाई हां केली. माझी रांगोळी चाळून घेतली आन् हितं भरून ठिवली. पावडरीला पावडर."

"अगं बाई, तुला कळत न्हाई का? लॅबमधली वस्तू! कुणाला न विचारता!"

"इचारायचं काय? तुम्हीच लिवलं हुतं की पिशवीवर." जाईबाईनं बोट लावून वाचलं. साक्षरतेच्या वर्गाला ती चार महिने गेली होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता. "न... को... शी. नकोशी. मला वाटलं, म्याडमला नको असंल."

नकुशी स्टुलावर बसली. हसावं, रडावं की सरूआत्याला फोन लावून शिव्या द्याव्यात? चोवीस वर्षांपूर्वी बारशाला ठेवलेलं नाव, आणि ते आज येऊन सेलात रांगोळी भरून गेलं. आणि खरा घोळ कुणाचा? गेटवर ताठ मानेनं नाव सांगितलं असतं, तर कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की नकुशी हे माणसाचं नाव आहे.

"म्याडम, मालकाला सांगू नका," जाईबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "वॉचमनला एका चहाच्या गिलासावरनं काढलं त्येनी. माझ्या घरात दुसरं कुणी कमवतं न्हाई."

सांगितलं असतं तर नकुशी सुटत होती. ट्रायल चुकली नाही, पावडरच पडली नाही, एवढं एक वाक्य. पण त्या वाक्याच्या शेपटाला जाईबाई बांधलेली. आणि नुसतं सांगून तरी काय? पुण्याहून नवी पावडर यायला तीन आठवडे, पाडवा त्याच्या आत. दोन किलो बेरियम सल्फेट अख्ख्या शिरूर-दौंडात आत्ता एकाच ठिकाणी होतं. मालकाच्या फेट्यात.

"ती रांगोळी मला पायजे," नकुशी म्हणाली.

"मालक पुसून द्याचे न्हाईत. काल त्येंच्या पावण्यांनी फोटू काढून नेला."

 मग जाईबाईनं पदर खोचला. "चला माझ्यासंगं. बोलू नका मातर. तुमाला खोटं बोलाया येत न्हाई, तोंड लाल हुतंय."

ऑफिसात जाऊन जाईबाई हात जोडून उभी राहिली.

"आबा, रांगोळी देवीच्या पायाशी काढल्याली हाय. नवरात्र उठलं. आता तशीच ठिवली तर दोष लागंल. इसर्जन कराया पायजे."

आबा दचकले. दोषाला ते फार भ्यायचे. निवडणुकीतही ते दोषामुळंच पडले होते, मतांमुळं नव्हे.

"इसर्जन म्हंजी नदीत? माझं तोंड नदीत टाकतीस व्हय?"

"छ्या छ्या! नदीत कशाला? खंडेनवमीची पूजा मशीनची. मंग इसर्जन बी मशीनमधीच. मिक्सरात."

आबा विचारात पडले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी... मी परत्येक सेलात आसणार?"

"परत्येक सेलात, आबा."

"वरवंडच्या टॉर्चात बी?"

"वरवंडच्या, पाटसच्या, दौंडच्या. जितं उजेड, तितं तुमी."

नकुशीचं तोंड लाल झालं होतं, पण आबांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. "मॅडम, करा एक घाणा," ते म्हणाले. "पाडव्यापतूर मिठाईचं बॉक्स माझ्या केबिनमधी राहू द्यात."

मग नकुशीनं मालकाला उचललं. अगदी स्वच्छ सुपलीनं, हनुवटीपासून वर वर. मिशी चमच्यानं वेगळी काढली. टिळा काढला, तरी कुंकू फेट्यात शिरलेलं, वर हळद, फुलांचा चुरा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची माती. हे असं मिक्सरात टाकलं असतं तर सेलानं दोनच चार्जिंगमध्ये राम म्हटला असता. पण बेरियम सल्फेट हा गडी मोठा निगरगट्ट. ॲसिड ओता, तो विरघळत नाही. बाकीची घाण विरघळते. नकुशीनं टोप घेतला, ॲसिड घातलं आणि ढवळायला लागली.

मिशी काढली होती. भिवया विसरली.

भिवया मँगनीजच्या. मँगनीज आणि ते ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन सुटतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंगची टीसीएल पावडर जास्त पडल्यावर येतो तसला वास लॅबभर झाला. नकुशीनं सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि स्वतः अंगणात उभ्यानं खोकत राहिली. "भिवया! अगं बये, भिवया!" असं ती स्वतःलाच म्हणत होती. तासाभरानं तोंडाला फडकं बांधून आत गेली, तर काय! क्लोरिननं हळदही खाल्ली होती आणि कुंकूही. टोपाच्या तळाशी दुधासारखी पांढरी पावडर बसली होती. आबांच्या भिवयांनी आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोगाचं काम केलं होतं.

सात वेळा पाण्यानं धुतली, भट्टीत वाळवली, चाळली. काट्यावर घेतली. एक माप, दोन मापं, तीन मापं. सहाशे. काटा गंडला नव्हता. ती त्या काट्याच्या पाया पडली.

मग पुन्हा सेल, पुन्हा टेस्टिंग. नववं चार्जिंग गेलं. चौदावं आलं तेव्हा गोकुळ मिक्सर सोडून लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. चौदावं गेलं. विसावं गेलं. जाईबाई रोज झाडायला यायची आणि झाडता झाडता "कितवं?" म्हणून विचारायची. पंचविसाव्याला एक सेल जरा घसरला. नकुशीला त्या दुपारी डबा गेला नाही. पण बाकीचे तगून राहिले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिसावं चार्जिंग झालं. तिनं आकडा तीनदा तपासला. मग टेबलावर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडली. या वेळी दाबायचा प्रयत्नच केला नाही.

आबा लॅबमध्ये आले. कागद वाचला. 

"माझा चेहराच पवित्र," ते म्हणाले. "पर तुझी बी मेहनत हाय, न्हाई म्हणत न्हाई. खोली तुझी. पाडव्याला उरल्याल्या पावडरीतनं दुसरा घाणा काढू, पुढच्यासाठी पुण्याला फोन लाव आन् म्हणावं पावडर धाडा." मग दार ढकलून हळूच म्हणाले, "आता एक कर. त्या पावडरीचं खरं नाव कुठं लिवायचं न्हाई. दौंडच्या त्या दुसऱ्या सेलवाल्या पार्टीला कळलं तर आपली वाट लागंल. कायतरी दुसरं नाव ठिव. आसं की कुणालाबी पत्ता लागू नये."

दारामागं जाईबाई होतीच. ती नेहमीच दारामागं असायची. "नाव हाय की पिशवीवर. नकोशी."

नकुशीनं श्वास घेतला. "नकोशी न्हाई, जाईबाई. नकुशी. माझं नाव हाय ते. एन. जे.मधला एन."

जाईबाईच्या हातातला झाडू खाली पडला. "आगं माझे आई," ती म्हणाली.

आबांनी मात्र टाळी वाजवली. "झ्याक! ह्या नावाकडं कोण ढुंकून बघतंय! हेच लिवा."

लागलं? लागलंच. पण हसूही आलं. मालकानं मनात काही ठेवलं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

पाडव्याला मुहूर्तावर दुसरा घाणा होता. आबांना भीती, गोकुळ घाईत पावडर विसरेल. म्हणून मिक्सरच्या वर भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत बोर्ड रंगवून घेतला होता. विक्रम वरवंडहून पिकअप घेऊन आला. पहिला दोन हजार सेलांचा माल न्यायचा होता. पिकअपमधून तो उतरला, आणि त्याच्यामागून गुडघ्यावर हात ठेवून, "अगं आई गं" करत एक म्हातारीही उतरली.

"ह्या सरूबाई, आमच्या आळीतल्या," विक्रम आबांना म्हणाला. "वडगावला भावाकडं भाऊबिजंला निघाल्यात. म्हटलं, जाता जाता सोडतो."

नकुशीच्या हातात पावडरीची पिशवी होती. ती जागच्या जागी थिजली. सरूआत्यानं तिला बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "तू हितं कामाला हाईस व्हय गं? मला वाटलं शिरूरला." मग तिची नजर वर गेली. लाल अक्षरं. तिला वाचता येत नव्हतं. "एवढं मोठं काय लिवलंय? देवाचं हाय का?" म्हणून तिनं पाया पडायला हात सुद्धा जोडले.

जाईबाई पुढं झाली. वाचायची संधी ती सोडणार नव्हती. बोट लावत, एकेक अक्षर सुटं करत, तिनं मोठ्यानं वाचलं:

"न-कु-शी-शि-वा-य मि-क्स-र चा-लू क-रू न-ये."

मिक्सर बंद होता.  आत्याचे जोडलेले हात तसेच राहिले.

"कोण म्हंतंय आसं?" तिनं विचारलं.

"मालक म्हंत्यात," जाईबाई म्हणाली. "नकुशी न्हाई घातली तर सेल चौदा दिसांत मरतोय. घातली तर तीस दिस उजेड. म्हणून तिच्याबिगर काम चालू करायचंच न्हाई, आसा आडरच हाय."

आत्यानं बोर्डाकडं पाहिलं. नकुशीकडं पाहिलं. पुन्हा बोर्डाकडं. चोवीस वर्षांत नकुशीनं या बाईला सुनावायला मनात किती वाक्यं घासून तयार ठेवली होती! प्रत्येक दिवाळीला त्यात एक भर पडायची. आज ती सगळी एकदम ओठांवर आली.

सरूआत्यानं पदर सावरला, पाठ ताठ केली आणि विक्रम, आबा, गोकुळ, पॅकिंगच्या बायका अशा सगळ्यांकडं वळून, बारशाला बोलली होती त्याच मोठ्या आवाजात म्हणाली:

"नाव म्या ठिवलंया तिचं!"

आबा कौतुकानं पुढं झाले. "आसं? लई दूरदृष्टी तुमची, मावशी."

"मंग!" आत्या म्हणाली.

नकुशीच्या ओठांवरची सगळी वाक्यं विरघळली. राग आला, तो डोक्यापर्यंत चढला, आणि तिथं पोचल्यावर त्याचं हसू झालं. ती एवढी हसली की पिशवी खाली ठेवावी लागली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं मँगनीजच्या हातानं पुसलं, आणि गालावर काळा पट्टा उमटला. आत्यानं पदर ओला केला आणि तो पट्टा पुसायला लागली.  

"आत्या, मुहूर्त जातोय," नकुशी एवढंच म्हणाली. मग पिशवी उचलून गोकुळच्या हातात दिली.

गोकुळनं बोर्डाकडं एकदा बघून घेतलं. "काय टाकू, मॅडम?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"नकुशी टाक," नकुशी म्हणाली. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.